उन्हातली शर्यत आणि आपाचं पाणी

मांडीवर गार पाण्याच्या चार बाटल्या घेऊन जीपमध्ये बसलेला, आणि समोरच्या काचेतून स्वतःच्याच मुलीला उन्हात करपताना बघणारा बाप कुणाला पाहायचा असता, तर त्या दिवशी पाटणच्या रस्त्यावर यायला हवं होतं. तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते, इतका मी प्रेक्षणीय दिसत होतो. घामानं निथळत होतो, तोंड उघडं होतं आणि हात बांधलेले नसूनही बांधल्यासारखे होते.

माझं कराडात गाद्या-उशांचं आणि पडद्यांचं दुकान आहे. गादीवाल्याच्या घरात सायकलच्या टीचभर टणक सीटवर दिवस काढणारी मुलगी जन्माला यावी, यावर पेठेत पुष्कळ विनोद झाले. त्यातले निम्मे मीच केलेत. पण मुलगी खरंच जोरात होती. सतरा वर्षांची. पहाटे उंब्रजपर्यंत जाऊन यायची आणि मी दुकानाचं शटर वर करायच्या आत आंघोळ करून कॉलेजला निघालेली असायची.

त्या उन्हाळ्यातली शर्यत तिच्यासाठी साधी नव्हती. पहिल्या तीन मुलींना प्रशिक्षण केंद्रात घेणार होते. राहणं, खाणं, शिकवणारे लोक, आणि माझ्या दुकानातल्या सगळ्या गाद्या विकूनही मला घेता आली नसती अशी सायकल. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. तिसरी आली तर दार उघडलं, चौथी आली तर बंद. एवढंच गणित होतं आणि ते घरात सगळ्यांना पाठ होतं.

तिला शिकवायचे ते आमचे मेजर. सैन्यात ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येक माणसाला लोक परस्पर बढती देतात. उंब्रजजवळ त्यांचा ऊस आहे. उसाला पाणी सोडलं की ते सायकलवाल्या पोरांच्या मागं मोटारसायकल घेऊन लागतात. त्यांना दोनच गोष्टींचा राग. एक, वेळ न पाळणं. दुसरी, उगाच पुढं पळणं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ते दुकानात आले आणि मांडी घालून थेट विक्रीच्या गादीवर बसले. माझ्या उशा ओढून त्यांनी एका ओळीत मांडल्या.

"भाई, ही उशी म्हंजे सांगलीची पोरगी. लय ताकद. ही सुरवातीपास्नं पुढं पळनार. वारं कोन खानार? हीच. ऊन कोन खानार? हीच." मग त्यांनी एक छोटी, झालरीची उशी उचलून चौथ्या जागी ठेवली. "ही आपली. चौथी. हितनं हलायचं न्हाई. पुढच्यांच्या आडोशाला बसायचं. मानंवर पानी, डोक्यावर पानी, आन तहान लागायच्या आधी घोट. तहान लागली म्हंजे उशीर झाला."

"आणि पुढं कधी जायचं?" मुलीनं विचारलं.

"पाटन गेलं की झाडं संपत्यात. तवर समद्यांच्या बाटल्या मोकळ्या. मग कोयनेच्या चढाला तू निघायचं. उन्हातली शर्यत पायानं जिंकत न्हाईत. पान्यानं जिंकत्यात."

एवढ्यात एक बाई दुकानात आल्या आणि नेमकी सांगलीची पोरगी त्यांना आवडली. मी ती कागदात गुंडाळून दिली. मेजर म्हणाले, "बघा, एक कमी झाली," आणि तेवढ्यावर आम्ही तिघं खूप हसलो. आता वाटतं, हसणं जरा लवकर झालं.

राहिला प्रश्न पाण्याचा. सायकलीला दोन बाटल्या बसतात. बाकीच्या मुलींसारखी आपली मुलगीही पाटणपर्यंत कोरडी होणार. नियम असा होता की मागच्या गाडीतून काही द्यायचं नाही, दिलं की स्पर्धक बाद. पण रस्त्याकडेला उभ्या माणसानं हातात पाणी दिलं तर हरकत नव्हती. हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात माझी आपा उभी राहिली.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. पाटणच्या पलीकडच्या एका गावात दिलेली, घर अगदी रस्त्याला लागून. झाडं संपतात ती जागा तिच्या ओट्यावरून दिसते. देवानं नकाशाच असा काढला असेल तर आपण कोण नको म्हणणारे? मी फोन लावला. आमची घरातली बोली सरमिसळ आहे, ती इथं मराठीतच लिहितो.

"आपा, निळ्या हेल्मेटवाली आपली. मेजर मीठ-साखर-लिंबू घालून बाटली भरून पाठवणार आहेत, ती ओल्या फडक्यात ठेवायची. ती आली की पळत पळत हातात द्यायची. थांबवायचं नाही."

"म्हणजे चालत्या सायकलीवर पाणी प्यायचं तिनं?"

"हो."

"बरं," आपा म्हणाली.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी ते "बरं" ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ 'तू बोल, मी करते ते करते' असा होतो. पण माणसाला हवं ते ऐकू येतं.

शर्यत उंब्रजहून कोयनानगरला, सकाळी सहाला. मेजर म्हणाले होते, "सहा म्हंजे सहा न्हाई. पाहुनं हायत." आणि तसंच झालं. झेंडा दाखवायला येणारे पाहुणे आले तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. मग फेटे. मग शाल, नारळ. फेटे बांधणारा एकच आणि पाहुणे भरपूर. स्पर्धक मुली डांबरावर रांगेत उभ्या, एकेक घोट पीत, पाहुण्यांसोबत फोटोला हसत. आपली मुलगी त्या फोटोत नाही. मेजरनी तिला उसाच्या एका रिकाम्या ट्रॉलीखाली सावलीत बसवली होती, मानेवर ओला टॉवेल टाकून.

ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी म्हणालं, "निळं हेल्मेट कुठाय? फोटोला या."

"ती फोटोला न्हाई आली," मेजर मलाच म्हणाले, "शर्यतीला आलीय."

अखेर झेंडा पडला. मेजर मोटारसायकलवरून आडवाटेनं पुढं गेले, चढाच्या पायथ्याशी थांबायला. मी मागच्या जीपमध्ये. पालकांमधून चिठ्ठी टाकून एकाला त्यात घेणार होते, ती माझी निघाली. तोवर मी स्वतःला नशीबवान समजत होतो. पुढच्या सीटवर पंच, एका शाळेतले खेळाचे मास्तर, गळ्यात शिट्टी.

"तुमी कोन?" त्यांनी वळून विचारलं.

"निळ्या हेल्मेटचा बाप."

"मांडीवर काय हाय?"

"पाणी."

"खिडकीतनं थेंब जरी भाईर गेला तर पोरगी बाद. सांगून ठेवतो."

"तुम्हाला दिलं तर चालतं?"

त्यांनी नियम आठवून पाहिला. "पंचाला द्यायला बंदी न्हाई," असं म्हणून पहिली बाटली त्यांनी संपवली. दुसरी ड्रायव्हरनं.

मल्हारपेठेपर्यंत मुलगी चौथी. तिथनं वळलो तरी चौथी. सांगलीची मुलगी पुढं, समोरून येणारं वारं छातीवर घेत, आणि आपली निळी टोपी तिघींच्या मागं निवांत. मेजरच्या उशा जशा मांडल्या होत्या तशाच रस्त्यावर चालल्या होत्या. पण हे गादीवर बघायला सोपं असतं. आमचा मुलूख बैलगाडीच्या शर्यतींवर वाढलेला. पुढं आहे तो मर्द, मागं आहे तो मेला, इतका साधा हिशोब. मुद्दाम मागं राहणारं कुणी लोकांनी पाहिलेलंच नाही. पारावरची माणसं उठून उभी राहायची आणि हाका मारायची.

"ए निळी टोपी, झोपलीस काय गं?"

"बाळे, पुढं हो की. सांगलीवाली चालली बघ."

एक मोटारसायकलवाला तर तिच्या शेजारून बराच वेळ चालत होता. "सातारा जिल्ह्याची लाज राख, ताई," असं म्हणत होता. पंचांनी शिट्टी मारून त्याला हाकलला. मुलगी आपली तिघींच्या मागंच. मान खाली, घोट, डोक्यावर पाणी, परत मान खाली. खरं सांगतो, जीपमध्ये बसून मलाही तेच ओरडावंसं वाटत होतं. सगळा डाव माहीत असून. एकदा तोंड उघडलंही.

"शांत बसा," पंच न वळता म्हणाले, "न्हाईतर उतरवीन."

ऊन वाढत गेलं तशा मागच्या मुली गळायला लागल्या. कुणी झाडाखाली बसलं, कुणी टेम्पोत चढलं. पुढं सहाजणी उरल्या. आपल्या मुलीनं सायकलीची दुसरी बाटली काढून उलटी करून पाहिली. मला काचेतून दिसत होतं, तिच्याकडं काही उरलं नव्हतं. पण ती घाबरलेली नव्हती. तिला ठाऊक होतं की वळण गेलं की फुपूचं, म्हणजे आपाचं, घर.

वळण गेलं, आणि मी पंचांच्या खांद्यावरून पुढं वाकलो.

रस्त्याच्या कडेला मांडव होता. कापड ओळखीचं, फिकट हिरवं, मोरांचं. माझ्याच दुकानातून दिवाळीला पडद्यासाठी नेलेलं. त्याखाली रांजण, घागरी, बादल्या, गूळ, लाल सरबताचं पातेलं, त्यात सब्जा. आळीतल्या सगळ्या बायका, हिंदू-मुसलमान कुणी मागं राहिलेलं नाही, पदर खोचून तयार. आणि सगळ्यांच्या पुढं सेनापतीसारखी आपा. रणरणत्या उन्हात पोरी आपल्या दारावरून जाणार, आणि एकीला पाणी देऊन बाकीच्यांना कोरडं पाठवायचं? असलं काही तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आमच्याकडं मोहरममध्ये रस्त्यावर सरबत वाटतात, कोण पितो ते बघत नाहीत. तिच्या दृष्टीनं हे तेच होतं.

सांगलीची मुलगी सगळ्यात आधी आली. ओठ पांढरे, हातात रिकामी बाटली. आपा तिच्याबरोबर पळत सुटली. माझी आपा, गुडघे दुखतात म्हणून जिने न चढणारी, सायकलीच्या बरोबरीनं धावली आणि ओल्या फडक्यातली बाटली तिनं त्या मुलीच्या हातात ठेवली. मेजरनी मापून भरलेली तीच. फेकाफेक नाही, धक्का नाही, सायकल जराही थांबली नाही. मी सांगितलं होतं अगदी तसं. नंतर दुसरी, तिसरी. बायका धावत होत्या, बाटल्या भरून देत होत्या, कुणी सरबताचे पेले पुढं करत होत्या. असा सराव मी कुठल्या मोठ्या संघाचाही पाहिलेला नाही.

मग आपली मुलगी आली. आपानं दोन्ही हातांनी हॅण्डल धरलं.

जीपची काच वर होती, पण ती काय म्हणाली ते मला तिच्या ओठांवरून कळलं. तीन वर्षांचा होतो तेव्हापासून तेच ऐकत आलो आहे. "आधी बस. बिस्मिल्ला म्हण. उभ्यानं पाणी पिऊ नये."

मांडवात एकच खुर्ची होती. ती भाचीसाठी ठेवलेली.

"थांबली काय ती?" पंचांनी विचारलं.

"बसली आहे."

"बसली? शर्यतीत?"

"आमच्यात पाणी बसून पितात. तीन घोटांत."

"आमच्यातबी बसूनच पित्यात," पंच म्हणाले, "पन, आवं, ही काय वेळ हाय व्हय?"

मी दार उघडायला गेलो. "उतरू नका," ते म्हणाले, पण आता त्यांचा आवाज पंचाचा राहिला नव्हता. "उतरलात तर मला लिव्हावं लागंल. नका उतरू, भाई." ड्रायव्हरनं हॉर्न मारला. आपानं आमच्याकडं पाहून प्रेमानं हात हलवला, तुम्हालाही देते, जरा थांबा, असा.

मुलीनं एक घोट घेतला. श्वास घेतला. दुसरा घोट. रस्त्याकडं पाहिलं, पाचहीजणी पुढच्या उतारावर लहान होत चाललेल्या. तिसरा घोट. लहानपणी जेवायला बसताना जशी बसायची तशी सरळ पाठीनं, पेला उजव्या हातात. ती ओरडून उठू शकली असती. उठली नाही. तिला वाढवण्यात निम्मा वाटा आपाचा आहे. तो त्या खुर्चीत बसला होता. मग पेला परत देऊन ती सायकलीवर चढली आणि निघाली.

पुढचा रस्ता मी कुणाला बघायला सांगणार नाही. झाड नाही, आडोसा नाही, समोरून वारं, आणि एकटी. मेजरनी दहादा सांगितलं होतं, उन्हात एकटं पडायचं नाही. माझ्या मांडीवर अजून दोन बाटल्या होत्या. त्या कोमट झाल्या तरी मी धरून होतो. दुसरं काय धरणार?

चढाच्या पायथ्याशी मेजर उभे होते. त्यांच्या समोरून पाच मुली भरलेल्या बाटल्या घेऊन गेल्या होत्या आणि एकीच्या सायकलीला त्यांची स्वतःची बाटली होती. मग एकटी निळी टोपी. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त ओरडले, "पळू नगंस. चढ येईल तसा घे. एकेक गाठ."

जीप शेजारून गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले. त्यांना वाटलं मी नमस्कार केला. त्यांनीही केला.

आणि पोरीनं एकेक गाठली. पहिल्या वळणावर एक मुलगी पोट धरून बसलेली, गार सरबत घटाघट प्यालेली. ओलांडली. पुढच्या वळणावर दुसरी, सायकल हातात धरून चालत. तिलाही ओलांडलं. चौथी. पंच आता पुढं झुकून बसले होते आणि शिट्टी तोंडात धरून चावत होते. तिसरीची पाठ दिसायला लागली. वळणावर दिसायची, पुढच्या वळणाला नाहीशी व्हायची. दर वेळी जवळ. शेवटच्या सरळ रस्त्यावर तर इतकी जवळ, की पंच हळूच म्हणाले, "घेती बघा ही." मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ती रेघेपलीकडं होती आणि तिसरी तिच्यापुढं. एका सायकलीचं अंतर, फार तर दीड.

आता मला उतरायला परवानगी होती. मी धावत जाऊन बाटली दिली. तिनं ती डोक्यावर ओतली, सगळी, आणि रस्त्याच्या कठड्याला टेकून बसली. खांदे हलत होते. मी गुपचूप तिची सायकल उचलून उभी केली. एरवी मी गप्प बसलो की लोक डॉक्टरला बोलावतात.

माझा फोन वाजला. आपा. मी तो हातात धरून उभा राहिलो. मुलीनं तोंड पुसलं आणि हात पुढं केला.

"चौथी आले, फुपू."

पलीकडचा आनंद मला लांबून ऐकू आला. एवढ्या पोरींमध्ये चौथी. आपा आळीला ओरडून सांगत होती. मुलीनं फोन बंद केला आणि मला म्हणाली, "अब्बा, तिला सांगायचं नाही. तीन आणि चार काय असतं ते. मेजर सरांनाही सांगा."

"सरांना खोटं बोलता येत नाही."

"मग त्यांना जेवायला लावा."

कारण जेवायला थांबणं भागच होतं. आपानं बिर्याणी टाकली होती. परतताना आम्ही तिघं तिच्या घरी दस्तरखानावर बसलो. मेजर असे ताठ, की परेडला आल्यासारखे. आपा वाढत होती आणि आळीतल्या बायका दारातून चौथ्या नंबरला बघून जात होत्या.

"मग आता केंद्रात कधी जायचं?" आपानं विचारलं.

"राखीव ठेवलंय मला," मुलगी म्हणाली. "जागा झाली की बोलावतील." हे खोटं नव्हतं, निकालाच्या कागदावर चौथीपुढं तसं लिहिलं होतं.

"राखीव म्हणजे चांगलं ना, मेजर भाऊ?"

मेजरनी घास खाली ठेवला. माझा जीव टांगणीला. "आपा," ते म्हणाले, "फौजंत राखीव तुकडी लय महत्त्वाची. सगळं संपलं की तिलाच फुडं काढत्यात." हे बोलताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

आपाचं समाधान झालं. त्या दिवसापासून प्रत्येक नमाजनंतर ती भाचीला बोलावणं यावं म्हणून दुवा मागते. बोलावणं येण्यासाठी त्या तिघींपैकी एकीला काहीतरी व्हावं लागेल, हे तिला कोण सांगणार? कळलं तर ती दुवा मागायची थांबेल आणि त्या तिघींसाठीही मागायला लागेल. अजून काही बोलावणं आलेलं नाही.

त्या दुपारी ती आणखी एक गोष्ट बोलली. मुलीच्या ताटात मटणाचा तुकडा वाढता वाढता म्हणाली, "या वेळी माझी एक चूक झाली. खुर्ची एकच ठेवली. बाकीच्या पोरी बिचाऱ्या उभ्यानंच पिऊन गेल्या. पुढच्या वर्षी सगळ्यांना खुर्च्या ठेवते."

मुलीनं मेजरकडं पाहिलं. मेजर ताटाकडं बघत होते. पुढच्या वर्षी तिला मोठ्या बायकांच्या गटात उतरावं लागणार होतं, आणि रस्ता हाच.

"ठेव, फुपू," ती म्हणाली. "सगळ्यांनाच ठेव."

मेजरनी आणखी भात मागून घेतला.